बसण्याचा तक्ता आणि सायकलचा अर्ज

बसून बसून माणूस आजारी पडतो, हे मला ब्रह्मपुरीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेल्यावर कळलं. तोवर आमच्या गावात माणूस आजारी पडला तरच बसायचा!

आमच्या खेळाच्या सरांना भारी चौकशी. पोरं दिवसाला किती तास बसतात, याचा तक्ता त्यांनी सगळ्यांना भरायला लावला. मलाही कुतूहल वाटलं. सोबत्याचं घड्याळ मागून मोजलं, तर बारा तास! (वर्गाचे तास धरून. तेवढा वेळ मी चहाच्या टपरीवर बसायचो.)

मग डोक्यात किडा वळवळला. मला सायकल हवीच होती. बाबांना कार्ड टाकलं: बसून बसून कंबर धरली आहे, सर व्यायाम सांगतात, तरी सायकल घेऊन द्यावी.

चौथ्या दिवशी बाबा खोलीच्या दारात हजर. सोबत सायकल नव्हती.

"कंबर धरली ना? चाल गावाले. रोवणी लागली आहे."

धान नीट रोवलंस तर सायकलचं पाहू, असं जीपमध्ये म्हणाले, म्हणून मी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, बायांच्या रांगेत. रोवणी मागे मागे सरकत करायची असते. बाया गप्पा मारत सरकत होत्या. मी मात्र चार परे (धानाची रोपं) लावले की कंबर सरळ करायचो. तेवढ्यात शेजारच्या अनसूयाबाईला विचारलं, तुम्ही दिवसाला किती तास बसता?

ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "बसाले कुठी वेळ आहे बापू? तू रोव."

हे उत्तर लिहून घ्यावं म्हणून मी खिशात कागद शोधू लागलो. तोवर दोन्हीकडच्या बायांनी माझ्या मागची जागाही रोवून टाकली! रांगेत जो रेंगाळतो त्याला असंच कोंडतात. लहानपणी ही गंमत मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिली होती, आतून पहिल्यांदाच.

चारी बाजूंना परे, मधे मी. धुऱ्यावर बाबा छत्री टेकून उभे.

"एक परा मोडला तं सायकल विसर," एवढंच म्हणाले.

बसायला जागा नाही, निघायला वाट नाही. दुपारपर्यंत तसाच उभा! शेवटी आईला दया आली. तिनं धुऱ्यापर्यंतचा एक पट्टा उपटून मला वाट करून दिली, आणि तो पट्टा पुन्हा माझ्याकडूनच रोवून घेतला. परा एकही मोडला नाही. कंबरेचं मात्र विचारू नका.

ब्रह्मपुरीला परतताना जीपमध्ये जागा असून मागे लटकलो. आठवडाभर बसताच येईना. जेवलो उभ्यानं, अभ्यास उभ्यानं, टपरीवर चहासुद्धा उभ्यानं. तक्त्यात रोज शून्य! सरांनी मला वर्गापुढे नेलं आणि विद्यार्थी असावा तर असा, म्हणून पाठ थोपटली. (नेमकी दुखरी.) लाज वाटली, पण खरं सांगतो, छातीही फुगली. तसंच घरी कळवलं. आता सायकल आलीच म्हणून रोज पोस्टमनची वाट पाहू लागलो.

बाबांचं कार्ड आलं. "वाचून आनंद झाला. बिनसायकलचाच एवढा सुधरला, तं सायकल कायले पाहिजे? दिवाळीत कापणीले ये."

कार्ड वाचून मी जो मटकन बसलो, तो तक्ता भरायलाही उठलो नाही.