दोन चमचे, आणि चाटायचा तो वेगळा

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत घडी घालायला दोघी लागायच्या. दोन कोपरे एकीकडे, दोन दुसरीकडे. झटकायचं, ताणायचं, मग समोरासमोर चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. धाकटीला हे काम झोपेतही जमायचं, आणि बरेच दिवस तिनं ते झोपेतच केलं होतं.

"अगं ए झोपाळू!" समोरून मावशी ओरडायच्या. "ओढ की चादर! प्रेत झाकतेस का?"

"कोंण झोंपलंय तिंकडं?" सुपरवायझर नाकातून विचारायचा.

"कोंणी नांही सांहेब," मावशी तितक्याच नाकातून उत्तर द्यायच्या, आणि सगळ्या लाँड्रीत खसखस पिकायची.

धाकटीलाही हसू यायचं, पण ते तोंडापर्यंत पोचायच्या आधीच विरून जायचं. खोकल्याच्या औषधाची बाटली तिच्या एप्रनच्या खिशात असायची. घोट पोटात गेला की सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटायचं. खोकला तिला कधीच नव्हता.

खोकला त्यांच्या घरात कुणालाच नव्हता; बाटली मात्र कायम. लहानपणी जिन्यात बाबांची चप्पल घासल्याचा आवाज आला की आई धावत यायची. "आ कर." दोन चमचे. गोड, घट्ट, जांभळं. मग दारू प्यायलेले बाबा घरात काय फोडायचे आणि कुणाला, ते धाकटीला सकाळी कळायचं, थोडं केरात आणि थोडं आईच्या तोंडावर. आईलाही तिच्या आईनं असंच काहीतरी पाजून झोपवलेलं. "कसल्या शांत पोरी होतो आम्ही," असं आई कौतुकानं सांगायची. चमचा धुवायच्या आधी ती चाटून घ्यायची, वाया कशाला घालवा म्हणून. चाटता चाटता आईचाही एक चमचा झाला, मग दीड. यावर घरात कुणी कधी बोललं नाही. बोलायला जागं कोण होतं?

बाबा गेले. दादा दारूला शिवत नाही, हे आई येईल-जाईल त्याला ऐकवायची. त्यानं फोडलेल्या बशांचं ती काही बोलायची नाही.

थंडीत एकदा इस्त्रीच्या रोलरपाशी चादरीबरोबर धाकटीचा हातही आत निघाला. मावशींनी वेणीला धरून तिला मागे खेचलं. बोटांची टोकं भाजली, आणि धाकटी त्या टोकांकडे अशी बघत राहिली, जणू कुणीतरी ती तिच्याकडे सांभाळायला दिली होती. मावशी त्या दिवशी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला घडीला जिवंत माणूस लागतं गं."

तेव्हापासून तिनं बाटली घेतली नव्हती. आधी घाम, पोटात पिळे, जांभयांवर जांभया. मग तेही ओसरलं. दवाखान्यातल्या बाई मान तिरकी करून म्हणाल्या होत्या, "हळूऽहळू सगळं वाटायला लागेल हं!" धाकटी वाट बघत होती. अजून काही वाटत नव्हतं.

मग सुट्टीची ती दुपार आली. दादाची चार वर्षांची मुलगी, मुंगी, सगळ्यांच्या नकला करत होती. आजीचं "आई गं, माझी कंबर!" झालं, वहिनीचं फोनवरचं "होऽ, आम्ही अगदी मजेत!" झालं. मग डोळे अर्धे मिटून, जबडा खाली सोडून, हातात नसलेली चादर धरून ती डुलायला लागली. ही आत्या. वहिनी हसून हसून बेजार झाली. आता तुझे बाबा करून दाखव, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

जिन्यात चप्पल घासल्याचा आवाज आला.

वहिनी उठून बाहेरच्या खोलीत गेली. मुंगीनं नक्कल अर्धी टाकली, मान वर केली आणि तोंड उघडलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोज या वेळी धाकटी लाँड्रीत असायची. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आई बाटली आणि भरलेला चमचा घेऊन आलीच. "हिचं डोकं धर जरा."

"कधीपासून देतेस?"

"खोकते ती."

"नाही खोकत."

बाहेर दादाचा आवाज चढला. "एकच गोष्ट सांगून गेलो होतो! एकच!" पहिली बशी फुटली.

"हे ऐकायचं का लेकरानं?" आई कुजबुजली. "तुलाही देत होते ना? काय बिघडलं तुझं?"

धाकटीनं बोटांची गुळगुळीत झालेली टोकं पुढे केली. आईनं ती पाहिली नाही. तिचं लक्ष चमच्यावर होतं, सांडेल म्हणून.

वास आला आणि धाकटीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिचे ओठ आपोआप उघडले. एका चमच्यासमोर दोन तोंडं उघडी होती, आणि चमचा धरणारीची जीभ ओठांवरून फिरत होती.

धाकटीनं आपलं तोंड मिटलं. मग एका बोटानं मुंगीची हनुवटी वर केली आणि तिचं तोंड मिटलं. आईच्या हातातून बाटली घेतली, मोरीत उपडी केली आणि वर पाणी सोडलं.

"आणि हा?" आईनं चमचा दाखवून विचारलं.

धाकटी नळाखाली बाटली विसळत राहिली. आईनं भिंतीकडे वळून चमचा तोंडात घातला.

दुसरी बशी फुटली.

"आत्या, मला झोप येत नाहीये."

"नको येऊ दे."

"काय फुटलं?"

"बशी. तुझ्या बाबांनी फेकली."

मुंगीनं कान देऊन ऐकलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "एकच गोष्ट सांगून गेलो होतो! एकच!" एका शब्दाचाही फरक नाही. दादाच होता तो, आणि त्याच्या आवाजामागे त्याचे बाबा.

धाकटीनं तिला कडेवर घेतलं आणि बाहेरच्या खोलीचं दार उघडलं.

"दादा, मुंगी जागी आहे," ती म्हणाली. "मीपण."

दादाच्या हातात तिसरी बशी होती. जागं माणूस त्या दारात त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला बशी फेकवेना आणि खालीही ठेवता येईना. वहिनीनं पुढे होऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली.

आता तरी काहीतरी वाटेल, असं धाकटीला वाटलं. ती थांबली. काही वाटलं नाही. पोर कडेवर जड होत चालली होती, तेवढं मात्र कळत होतं.