अक्काचं "येते"

अक्काचं मराठी मोडकं होतं, पण त्यात खोटं बोलायची सोय नव्हती. ती एका तेलुगू विणकराची विधवा. सकाळी मागावर बसायची, आणि दुपारचा मिलचा भोंगा झाला की डॉक्टरांनी ज्यांच्यापुढे हात टेकले अशा माणसांपाशी. नव्या पेठेतल्या आमच्या घरी ती आली तेव्हा आईच्या पोटातली गाठ वाढत चालली होती, आणि मी सासरहून येऊन राहिले होते.

आईची कूस बदलायची म्हटलं की आमच्या अंगावर काटा यायचा. अक्काने तिच्याखाली जाड चादर सरकवली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "मान्साला वडू नको, चादरीला वड," म्हणाली. आई त्या दिवशी न कण्हता वळली.

निघताना अक्का सरळ "जाते" म्हणायची. आजाऱ्याच्या उशाशी असं अभद्र बोलणं! आत्या डोळे वटारायची. शेवटी आईनेच हसून समजावलं, "अक्का, जाते म्हणू नये. येते म्हणावं." तेव्हापासून ती न चुकता "येते, वैनी" म्हणू लागली, आणि दुसऱ्या दिवशी यायचीच.

आईला काही कळता कामा नये, अशी वडिलांची सक्त ताकीद होती. आम्ही सगळे तिच्याशी दिवाळीच्या फराळाचं बोलत बसायचो. एका दुपारी तिने अक्कालाच विचारलं, "मी उठेन का गं यातून?"

अक्काने चादरीची सुरकुती मोडली. "न्हाई, वैनी. पन मी हाय हितं."

मी दारातच होते. अस्सा संताप आला, वाटलं हिला आत्ताच्या आत्ता घालवून द्यावं. पण आईने मला हाक मारली. दोन महिने आम्ही एकमेकींपासून तोंड चुकवत होतो. त्या दुपारी गळ्यात पडून रडलो. माझ्या बाळंतपणाला ती नसणार होती. काय खायचं, काय जपायचं, सगळं तिने तेव्हाच सांगून टाकलं.

आठ दिवसांनी आई गेली. आत्याच्या बरोबरीने अक्काने तिला न्हाऊ घातलं, आणि पायाशी उभी राहून नेहमीसारखं म्हणाली, "येते, वैनी."

मयताच्या घरातून निघताना कुणी येते म्हणत नाही. आत्या तिच्यावर तुटून पडली. अक्का गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली. "वैनीनंच शिकवलं की," एवढंच म्हणाली, आणि दारातल्या पायरीवर बसून आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडली.