डावा कर

मयूर विहार या आमच्या वसाहतीतल्या बागेत एक निवृत्त मराठी गृहस्थ रोज सकाळी माझ्या शेजारी बसत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा डावा हात मांडीवर सारखा सरकायचा, थांबायचा, थरथरायचा. कॉलेजात मला हवाईयन गिटारचं वेड होतं, बाळांनो. आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी कांडी अशीच फिरवतात. तो हात पाहता पाहता मला माझ्या आवडत्या चाली ओळखू येऊ लागल्या, आवाजाशिवाय.

एकदा मी पेपरातून मोठ्याने वाचलं, "बड्या नेत्याच्या करचुकवेगिरीची चौकशी पुन्हा सुरू." तुम्ही टॅक्स म्हणता, तोच हा कर.

"कर म्हणजे हातही ना, ताई?" ते हसले. "आयकर खात्यात असताना त्या नेत्याची फाइल, चोरी दिसत असूनही, मीच बंद केली होती. मी डावखुरा. सही याच हाताची. तेव्हापासून हा असा चालतो."

"गिटार छान वाजवत असाल तुम्ही."

"छे! मी गिटार कधी जवळून पाहिलेलीही नाही."

मग माझ्या चाली त्या हातात कुठून आल्या? दुसऱ्या दिवशी त्यांना जबाबाला बोलावलं होतं, असं ते म्हणाले. खरं बोलले तर पेन्शन जाणार होती.

"तरी खरं सांगून टाका," मी म्हणाले.

दोन दिवसांनी ते आले. हात मांडीवर निपचित पडला होता.

"सांगितलंत ना?" मी आनंदाने विचारलं.

"नाही, ताई. फाइलमध्ये काही गडबड नव्हती, असंच लिहून दिलं. चलो, बरं झालं. आता हा अगदी शांत आहे."

मग उजव्या हाताने त्यांनी तो डावा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि कोटाच्या खिशात ठेवला.