बर्फातील रक्तावर लाखेची मोहोर

अर्जदार : विमलबाई खोब्रागडे, शेतमजूर, तालुका मूल. गैरअर्जदार : आवक-जावक बाबू, दवाखान्याचे नाव सौजन्यास्तव वगळले आहे. साक्षीदार : बाईंचे पती गुलाबराव, आणि मी स्वतः, अर्जनवीस, मुक्काम चंद्रपूर. घटना गेल्या हिवाळ्यातील.

अर्जनवीस म्हणजे जमिनीचे फेरफार आणि वारसनोंद, असा लोकांचा समज आहे. माझ्या टेबलावर रोगही येतात.

विमलबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन नागपूरला झाले होते. आता काखेत नवी गाठ हाताला लागत होती. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी रक्तात एक प्रथिन सोडतात. रोग पुढे सरकत असल्यास ते वाढू शकते, असे त्यांनी मला समजावले. एवढ्यावर निदान होत नाही. परंतु गाठीसोबत प्रथिनही वाढलेले दिसले, तर जहाल औषध ताबडतोब सुरू करायचे होते. अट एकच : रक्त नागपूरच्या प्रयोगशाळेत बर्फातच पोचले पाहिजे.

पहिला नमुना वाया गेला. सरकारी पार्सलला लाखेची मोहोर लागते, आणि ओल्या बाटलीवर लाख बसत नाही. म्हणून बाबूंनी बाटली बर्फातून काढून वाळत ठेवली. मोहोर दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कपाटात, साहेब गडचिरोलीला दौऱ्यावर. ते परतल्यावर मोहोर लागली; नागपूरने रक्त नासले म्हणून नमुना नाकारला. तोवर गाठ बोराएवढी झाली होती.

दुसऱ्या खेपेस मी जातीने हजर राहिलो. बाबूंनी पुन्हा बाटली काढली, पुसली आणि सुकवायला लाखेच्या मेणबत्तीजवळ धरली. विमलबाई दंडावरचा कापूस दाबून बाटलीकडेच पाहत होत्या. नागपूरची गाडी सुटण्यास थोडाच अवकाश होता.

मी बाबूंना बाटली परत बर्फात ठेवण्यास सांगितले.

"लाख नाई बसली तं माह्या नोकरीवर येते. तुम्ही कचेरीतले अर्ज लिवा नं, इथी काऊन घुसता?"

"बर्फातून काढा म्हणून नियमात कुठी लिवलं हाये?"

"अन् मोहोर नाई लावली तं चालते, हे कुठी लिवलं हाये?"

प्रश्न रास्त होता. मी बर्फाच्या डब्याच्या दोरीला एक कोरडी लाकडी पट्टी बांधली आणि या खेपेस जागेवर असलेल्या साहेबांपुढे तोंडी अर्ज केला : मोहोर पट्टीवर, बाटली बर्फात. साहेबांनी आधी माझ्याकडे, मग बाईंकडे पाहिले. "लावा," एवढेच म्हणाले. गुलाबराव डबा पोटाशी धरून स्टेशनकडे धावले.

नमुना धड पोचला. प्रथिन वाढलेले निघाले. रिपोर्ट वाचून दाखवताना मी योग्य शब्द शोधत होतो. विमलबाईंनी मला थांबवले.

"वाढलं हाये, समजलं मले. आता औषध तं सुरू होते नं, भाऊ?"

सुरू झाले. गाठ तूर्त थांबली आहे. पुढे काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

मोहोर लागली म्हणजे काम झाले, असे कोणत्याही कचेरीने समजू नये. बाईंचे रक्त पुन्हा पाठवायचे आहे, आणि बाबू आता पट्टीसाठी लेखी आदेश मागत आहेत. तरी रक्त काढण्यापूर्वी तो आदेश निघावा, ही नम्र विनंती. उत्तर थेट विमलबाईंच्या नावे पाठवावे. वाचून मी दाखवीन.