ओट्यात बसवलेली माणसं

माझ्या हातच्या चिनीच्या फरशीचं कुणी कौतुक करायला लागलं की मी तिथून उठतो. लोकांना वाटतं, काय हा विनयशील गृहस्थ! विनय कसला, डोंबल! मला आमच्या गावच्या घराचा ओटा आठवतो आणि कान तापतात. आजही, या वयात.

आमचं गाव म्हसळ्याकडच्या खाडीवर. वडील वारले तेव्हा मी शाळेत होतो, घरात आई आणि मी दोघंच. तेव्हा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या नाखव्यांनी मला आपल्या गलबतावर घेतलं. नाखवा म्हणजे गलबताचा धनी. वडिलांचे ते दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायचो, आई भाऊजी म्हणायची. पोहायला, वारा ओळखायला, चार माणसांत ताठ मानेने बोलायला त्यांनी मला शिकवलं. गलबतावर माझं जेवण एक कोळी खलाशी वेगळ्या मडक्यात शिजवायचा, तेही चाचांच्याच हुकुमाने. "त्याच्या आईला मी शब्द दिलाय," म्हणायचे. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शिरखुर्मा कधी आला नाही. शेवया, साखर, खारका असा कोरा शिधा यायचा, म्हणजे आईने तो आपल्या चुलीवर रांधावा. आमचं सोवळं आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त सांभाळलं.

पण समुद्र मला सोसेना. ओकून ओकून अर्धा झालो, तेव्हा त्यांनीच मला मुंबईला नेऊन एका कच्छी मिस्त्रीच्या हाताखाली लावून दिलं. मिस्त्री फुटक्या चिनीच्या फरश्या करायचा. कपबश्यांचे, लाद्यांचे तुकडे चुन्यात बसवून बड्या लोकांच्या गच्च्यांवर वेलबुट्टी काढायची, हे काम. म्हणजे माझ्या हातात थापी आली ती चाचांमुळे, आणि पोटाला भाकरी मिळाली तीही त्यांच्यामुळेच.

काही वर्षांनी गावी आलो तो डोक्यात वारं भरूनच. घराचा ओटा मातीचा होता. म्हटलं, हा चिनीचा करायचा, आणि ज्यांनी ज्यांनी मला माणसात आणलं त्यांचा एकेक तुकडा त्यात बसवायचा. विकत काही आणायचं नाही. उकिरड्यावर, परसात, खाडीच्या चिखलात जे सापडेल तेच.

"आता उकिरडा उचलून घरात आणतोस व्हय रे?" आई म्हणाली. "मुंबईला जाऊन हेच शिकलास?"

मी ऐकतोय कशाला! वडिलांच्या चुन्याच्या डबीचं पितळी झाकण मला पोफळीच्या आळ्यात सापडलं. मास्तरांच्या शाळेमागे फुटक्या पाट्यांचा ढीगच होता. मावशीच्या लोणच्याच्या बरणीचा पिवळा काठ तिच्याच उकिरड्यावरून उचलला. मिस्त्रीने रागाच्या भरात मला एकदा लादीचा तुकडा फेकून मारला होता, तो मी जपून ठेवलेला, तो त्याचा. उरलेल्या जागेत शिंपल्या आणि भरतीने आणून टाकलेल्या बाटल्यांच्या काचा. फक्त चाचांचं काही मिळेना. त्यांच्या घरी जाऊन मोडकंतोडकं मागावं, तर त्यांना आधीच कळायचं. मला तर त्यांना चकित करायचं होतं. आणि वेळही थोडा होता, कारण चाचा हजला निघाले होते. त्या काळी म्हातारं माणूस हजला गेलं की परत येईल याचा नेम नसे. त्यांनी जाण्याआधी ओटा बघावा, आपण याला घडवलं म्हणून त्यांची छाती फुगावी, एवढाच मला ध्यास लागला होता.

आता एक सांगायला हवं. आमच्या पडवीच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने एक कोनाडा होता. त्यात निळ्या फुलांची एक कपबशी पालथी असायची. ती चाचांची. ते आले की ते कप पुढे धरायचे, आई वरून चहा ओतायची. पिऊन झालं की ते स्वतः कपबशी माडाच्या आळ्यात विसळून पुन्हा पालथी घालायचे. सगळ्याच घरी हे असंच चालायचं. त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. खरंच सांगतो, वाटलंच नाही.

एके दिवशी बोक्याने ती कपबशी पाडली. आई म्हणाली, "बाजारातून दुसरी आण बाबा. भाऊजी आले तर चहा देऊ कशात?" मी "आणतो, आणतो" म्हणालो आणि धावलो ते तुकडे वेचायला. चाचांचा तुकडा आपणहून पायाशी आला होता! देव पावला म्हटलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैलवाला मीच. ओट्याच्या अगदी मधोमध मी ते निळं फूल बसवलं. भोवती पांढऱ्या शिंपल्यांची ओळ. इतकी सुरेख जागा मी वडिलांनाही दिली नव्हती. त्या नादात नवा कप आणायचा राहून गेला तो गेलाच.

हजला निघणाऱ्याने आधी घरोघर जायचं आणि झाल्यागेल्याची माफी मागायची, अशी त्यांची रीत. चाचा आमच्याकडे आले ते दिवस कलताना. पांढरेशुभ्र कपडे, दाढीला मेंदी. त्यांना निरोप द्यायला शेजारपाजारचेही जमले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्याशी नेलं आणि एकेक तुकडा दाखवत सुटलो. हे वडील, हे मास्तर, ही मावशी, हा मिस्त्री. लोक वा वा करत होते.

"आणि हे मधोमध कोण, ओळखा!"

चाचा वाकले. बोटाने ते फूल चाचपलं.

"ही तर माझी बशी."

"तुमचीच!" मी छाती काढून म्हणालो.

"कोनाड्यातली."

त्यांनी मान वर करून कोनाड्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. मग ते हसले, अगदी मनापासून, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरा केलास बेटा. आता विसळून ठेवायला नको."

लोक हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझं तोंडच वाकडं झालं. डबी वडिलांच्या कमरेची होती. बरणी मावशीच्या हातची होती. आणि चाचांचं म्हणून मी काय बसवलं होतं? त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायला आम्ही ठेवलेलं भांडं! तेही चुन्यात, पक्कं, साऱ्या गावाने बघावं असं.

तेवढ्यात आई चहाचं भांडं घेऊन दारात आली. "कप आणलास काय रे?" तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. न्हाय.

आत फळीवर आमचे कप होते. मला ते इथून दिसत होते. "घरातला दे," एवढे दोन शब्द बोलायचे होते. गलबतावर वादळात ओरडून बोललेला माणूस मी, पण तिथे शेजारीपाजारी उभे, सगळे टक लावून बघतायत, आणि माझी दातखीळ बसली. चाचांनीच शिकवलं होतं ना चार माणसांत बोलायला? आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि करवंटी घेऊन आली. घासूनपुसून स्वच्छ केलेली, पण करवंटीच. पायरीवर ठेवली आणि वरून चहा ओतला. तिची मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

चाचांनी करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळा चहा प्यायले. "चहा चांगला झालाय, वहिनी," म्हणाले.

मग ते आमच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"इतक्या वर्षांत बोलण्याचालण्यात माझ्याकडून काय चुकला असेल, तुमचा मन दुखवला असेल, तर माफ करा. तुम्ही माफ केल्याशिवाय माझा हज कबूल व्हायचा न्हाय."

आईने पदर तोंडाला लावला. "माफ केलं, भाऊजी. सुखाने जा."

तरी त्यांनी हात सोडले नाहीत. माफी प्रत्येकाने आपल्या तोंडाने द्यायची असते. ते माझ्याकडे वळले आणि तसेच, हात जोडून, थांबून राहिले. त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माफ केलं, चाचा," मी म्हणालो.