धुरपता पिझ्झा

शेलूबाजारला हायवेच्या कडेला विनोदनं पिझ्झ्याचं दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर आईचं नाव घातलं: 'उज्ज्वला पिझ्झा'. पोरगा पुण्यात काही वर्षं पिझ्झ्याच्या भट्टीपुढं राबून परत आला होता. भट्टी त्यानं सांभाळायची, वर चीज-भाज्या पसरायच्या त्याच्या बायकोनं, पिंकीनं, आणि पीठ मळायचं आईनं, अशी वाटणी झाली. वडील माणिकराव गल्ल्यावर बसत. म्हणजे पेपर वाचत आणि फोन आला की घेत.

उज्ज्वलाबाईंना पिझ्झा काही फारसा भावला नव्हता. पण पीठ त्या जीव लावून मळत. फुगलेल्या गोळ्याला नातवाच्या पाठीवर मारावी तशी हलकी थाप मारत, आणि मग दिवसभर पदराला पीठ घेऊन हिंडत.

घोटाळा झाला तो नावाचा. दुकानाच्या बाजूला जाळीत दोन लाल सिलिंडर उभे, आणि वर पाटी 'उज्ज्वला'. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायांनी सरळ समज करून घेतला की उज्ज्वला योजनेचा सरकारी गॅस इथंच मिळतो. जीपमधून उतरायच्या आणि आधारकार्डाची झेरॉक्स काउंटरवर ठेवायच्या. विनोद समजावून सांगायचा, त्या ऐकून घ्यायच्या आणि तिथंच बसून राहायच्या. एका म्हातारीला पिंकीनं पिझ्झ्याचा तुकडा खाऊ घातला. तो निवांत चावून तोंड पुसत ती म्हणाली, "हे झालं चहापाणी. आता शेगडीचं बोल."

त्या दिवशी विनोदनं हात टेकले. "माय, पाटी बदलाव लागते. 'पिझ्झा पॉइंट' करून टाकतो."

"मायं नाव काहाडून राह्यला?" परातीतून मान वर न करता आईनं विचारलं.

"तसं नाई वं. लोकं गॅस मागून राह्यले."

"मंग दुसरं टाक. धुरपता टाक."

विनोद हसला. "थे त आजीचं नाव हाय."

"आजीचंबी हाय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मायंबी होतं."

लेकाला हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? लग्न ठरलं तेव्हा ती धुरपताच होती, बापानं हौसेनं ठेवलेली धुरपता. पण इकडं सासूही धुरपता निघाली. एका घरात दोन धुरपता कशा नांदणार? सुनेला हाक मारली तर सासू उठून बसायची, सुनेला रागावलं तर सासूचा अपमान व्हायचा. गावातल्या मास्तरनं 'उज्ज्वला' सुचवलं. तांदळाच्या ताटात माणिकरावांनी अंगठीनं ते लिहिलं, तेही 'उजवला' असं. जोडाक्षरांशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. आणि लिहिल्यावर जन्मात एकदाही ते तोंडानं उच्चारलं नाही. बायकोला हाक मारायची ती 'अवं' म्हणून, फार झालं तर 'विनोदची माय'.

तेही तिनं पचवलं. बायकांचं असंच असतं, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. लागलं ते दुसरंच. बांधावरून 'धुरपेऽ' अशी शिवार घुमवणारी हाक मारणारी तिची आई पहिल्यांदा लेकीच्या घरी आली आणि ओट्यावर बसून हळू आवाजात म्हणाली, "उज्ज्वला, पाणी दे वं बाई." परक्याच्या लेकीला सांगावं तसं. पाण्याचा तांब्या देताना तिला रडू आलं होतं आणि चुलीच्या धुरावर तिनं ते ढकललं. आई होती तोवर माहेरी गेल्यावर तरी ते नाव कानावर पडायचं. आई गेली आणि धुरपता म्हणणारं माणूस उरलं नाही.

विनोदनं फार विचारलं नाही. पिंकीच म्हणाली, "मले त आवडलं. एकदा आयकलं का ध्यानात राह्यते." वाशीमहून पेंटर आला, आणि पिवळ्यावर लाल अक्षरांत 'धुरपता पिझ्झा' झळकलं. कॉलेजची पोरं पाटीखाली फोटो काढू लागली. गॅसवाल्या बाया यायच्या थांबल्या. उज्ज्वलाबाई येता-जाता पाटीकडं बघत. कुणी बघत नाही ना, एवढं पाहून.

पण गाव ते गावच. "सासूच्या नावानं दुकान काहाडलं. सून असावी त अशी," असं जो तो म्हणायला लागला. उज्ज्वलाबाई काय बोलणार? नाही म्हणावं, तर मेलेल्या सासूचं नाव नाकारल्यासारखं. आपलं नाव परत मिळालं आणि मिळताच दुसऱ्याच्या खाती गेलं, याचं त्यांना मनापासून दुःख झालं. पाटीकडं बघणंही त्यांनी सोडलं.

माणिकराव पेपर वाचत होते, पण पेपरच्या वरून दिसतंच की.

एका दुपारी त्यांचे चुलतभाऊ शेषराव भरल्या दुकानात आले. काखेत उज्ज्वलाबाईंच्या सासूचा फोटो, नवी कोरी चौकट, चंदनाचा हार. "माणिकराव, मायच्या नावानं भल्लं पुण्याचं काम केलं. आता हा फोटो पाटीखाली लावा." आणि आत वळून म्हणाले, "वहिनी, खिळा आणा बरं."

उज्ज्वलाबाईंनी हात धुतले. खिळा शोधायला डबा उघडला.

माणिकराव उठले. फोटो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "घरी देवापाशी लावू, शेषराव. मायची जागा थे हाय." मग फोटो गल्ल्यावर ठेवत म्हणाले, "पाटीवरचं नाव मायचं नाई. आमच्या घरवालीचं हाय. तिच्या बापानं ठेवलेलं."

तेवढ्यात फोन वाजला, बरंच झालं. माणिकरावांनी तो घेतला, ऐकला, ठेवला आणि आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "धुरपता, पनीरचे दोन लाव. शाळेतून सांगून राह्यले."

आत त्या दचकल्या. इतक्या वर्षांची सवय. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी मागं वळून पाहिलं, सासूबाई आल्या की काय. मागं नुसती पिठाची पोती होती.

"अवं, तुलेच म्हणून राह्यलो," बाहेरून आवाज आला. "धुरपता."

खिळ्यांचा डबा त्यांनी बंद केला. परातीवरचं ओलं फडकं काढलं.

"ओऽ," धुरपताबाई म्हणाल्या, बांधावरून आईला म्हणायच्या तशा, जरा लांबवून.