मियाझाकी, उत्तेजनार्थ

हिंदी मुलखातल्या निशातगंजच्या आसपास राहणारी आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायचो. त्यात मुलांची भाषणस्पर्धा असे. बोलताना मराठी नसलेला शब्द आला की परीक्षक काकू पूजेची घंटी वाजवत आणि एक गुण जाई. आईने मराठीत विचारायचं आणि आम्ही हिंदीत उत्तर द्यायचं, अशी वाढलेली मुलं आम्ही. घंटी फार वाजे, मोठी माणसं पोट धरून हसत. त्या हसण्याच्या भीतीने अकरावीपर्यंत मी कधी नाव दिलं नव्हतं.

त्या वर्षी विषय होता ‘मी पाहिलेलं शहर’. आणि माझ्याकडे एक शहर होतं.

बाबांच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर होता. वादळातलं लँडिंग, मोठी जेट विमानं यात मला रस नव्हता. मी एक लहानसं पंख्याचं विमान घ्यायचे आणि जपानच्या दक्षिणेला, मियाझाकीच्या धावपट्टीवरून समुद्राकडे निघायचे. डावीकडे वळलं की नदीचं मुख लागे. नदीच्या कडेने आत गेलं की शहर, आणि शहरात इतकी झाडं की घरं त्यांच्यात कुणीतरी जपून ठेवल्यासारखी. किनाऱ्याने उत्तरेला गेलं की पाण्याला लागून लांबच लांब हिरवा पट्टा. वर्षभर रोज अर्धा तास मी तिथे फिरत होते. तो पट्टा पाइनच्या झाडांचा आहे आणि रस्त्यांच्या कडेला खजुरासारखी उंच झाडं आहेत, हे नंतर फोटो पाहून कळलं. पडद्यावर सगळी झाडं सारखीच दिसत. काय खरं आणि काय कॉम्प्युटरने आपल्या मनाने भरलेलं, हेसुद्धा मी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्या वहीवरून भाषण तयार केलं. त्यातले ‘लेकिन’ आणि ‘अच्छा’ आईने पंधरा दिवस खपून काढून टाकले. सिम्युलेटरला मात्र मराठी शब्द आम्हाला सुचेना. आई म्हणाली, संगणकावरचं विमान म्हण. ते मला खेळण्यासारखं वाटलं. मग मी ते वाक्यच गाळलं आणि ‘हे शहर मी फक्त वरून पाहिलं आहे’ एवढ्यावर सुरुवात केली.

पाच मिनिटं बोलले. घंटी एकदाही वाजली नाही.

दुसरे परीक्षक निवृत्त शास्त्रज्ञ होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, जपानला कोणाबरोबर गेली होतीस? मी खरं ते सांगितलं. घंटीला कधी हसले नसतील इतके लोक हसले.

“अगं, मग पाहिलंस कुठे?” काका म्हणाले. “तू तर निशातगंजमध्ये बसली होतीस.”

या काकांनी उभी नोकरी उपग्रहाच्या फोटोंवरून गोमतीकाठची शेतं मोजण्यात घालवली होती. आमच्याकडे चहाला आले की किती जमीन खारवली, कुठे ऊस आहे, ते जागेवर न जाता कसं ओळखायचं, हे तेच रंगवून सांगत.

“काका, तुम्हीपण शेतं वरूनच बघता ना?” मी विचारलं.

हसणं थांबलं. “ते काम आहे, बेटा,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

ती पन्हाळ्यावर बोलली आणि पहिली आली. पन्हाळ्याला ती एकदाच गेली होती, दीड वर्षांची असताना. आदल्या दिवशी मोदक वळताना तिनेच मला सांगितलं होतं. पण पन्हाळ्याला तिचे पाय लागले होते, निदान तिला कडेवर घेणाऱ्याचे तरी. मला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा जाहीर झाला. मी उठले नाही. आई ओशाळं हसत पुढे गेली आणि माझ्या वतीने डबा घेऊन आली. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, मोठ्यांना असं भरसभेत विचारू नये. काकांनी भरसभेत मला काय विचारलं होतं, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेची सूचना काकांच्या अक्षरात, गणपती बसायचा त्या इमारतीच्या जिन्यापाशी लागली. खाली नवीन ओळ होती: ‘प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्या ठिकाणाविषयीच बोलावे.’ शेजारी नावं लिहायला दोरीला पेन बांधलेलं होतं. मी नाव लिहिलं नाही. ‘प्रत्यक्ष जाऊन’ हे दोन शब्द तेवढे खोडले, दिसतील असे, आणि कॉलेजला गेले.